रुमालाखालचं वर्गमूळ

वर्गमूळ एक की दोन, एवढ्याशा गोष्टीवरून दोन शिकलीसवरली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी सरळ तोंडानं बोलली नाहीत. त्यातले एक माझे गुरू, दुसरे माझे परीक्षक, आणि मधे सापडलो मी. लोक म्हणतात गणित म्हणजे रूक्ष विषय. म्हणोत बापडे. मला गणितानं जेवढं हसवलं आणि एकदा जेवढं रडवलं, तेवढं कुठल्या तमाशानंही नाही.

मी मूळचा तेल्हाऱ्याकडचा. घर शेतकऱ्याचं, रान काळं, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी अक्षराच्या वाटेला गेलेलं नव्हतं. मी गेलो, कारण मला आकडे आवडत. का आवडत ते विचारू नका. कुणाला गूळ आवडतो तसे आवडत. गावच्या पंतोजींच्या छडीखाली पावकी-निमकी शिकलो, मग अमरावतीच्या सरकारी शाळेत गेलो आणि तिथंच दुय्यम मास्तर म्हणून चिकटलो. लहान पोरांचे पाढे घ्यायचे, फळा पुसायचा, आणि हेडमास्तर आजारी पडले की मोठ्या वर्गाला बीजगणित शिकवायचं. हेडमास्तर फारसे आजारी पडत नसत, याचं मला वाईट वाटे.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेच्या गिरण्यांनी मोर्चा वळवला आमच्या वऱ्हाडाकडे. मग काय विचारता! ज्याच्या घरात कापसाचं एक बोचकं, तोही स्वतःला शेटजी म्हणवू लागला. कोणी सांगे, अमक्यानं गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी बसवली. ती काही मी पाहिली नाही. पण एकानं बैलाला रेशमी झूल शिवली होती ती पाहिली, आणि शेजारचा बैल ती चघळताना पण पाहिला. शाळा मात्र ओस पडू लागल्या. पोराला जरा बेरीज येऊ लागली की ते अडत्याच्या दुकानावर बसलंच म्हणून समजा. मास्तर लोकही त्याच वाटेनं गेले, म्हणून तर सरकारला मास्तर मिळेनात.

माझ्या बापाला त्यामुळे माझं मास्तरपण काही समजेना. कापूस वेचायला माणूस मिळत नाही, गाडी हाकायला मिळत नाही, आणि घरचा धडधाकट पोरगा अमरावतीत बसून दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसतो. दसऱ्याला घरी गेलो तेव्हा बाबांनी मला ओसरीवर बसवलं. अकोल्याच्या नव्या शाळेत बीजगणिताचा मास्तर नेमायचा आहे आणि त्यासाठी परीक्षा होणार आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"त्या परीक्षेत पास झाला तं हो मास्तर," बाबा म्हणाले. "नापास झाला तं मी गाडी घेऊनच अकोल्याले येतो. त्याच गाडीत बसायचं अन् घरी यायचं. मंग पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही."

माय चुलीपाशी होती. ती काहीच बोलली नाही, नुसती भाकर थापत राहिली. माझं डोकं तापलं, पण बापापुढं बोलणार काय? बरं म्हटलं आणि अमरावतीला परत आलो. मला शेताचा तिटकारा नव्हता, हे सांगायला हवं. वेचणीच्या दिवसांतलं पांढरं रान मला आजही आवडतं. पण फळ्यापुढं उभं असताना एखाद्या ठोंब पोराच्या डोळ्यांत एकाएकी उजेड पडतो, तो पाहून मला जे वाटे, ते शेतात कधी वाटलं नाही. ते सुटलं तर आपण जिवंतपणीच मेलो, असं मला वाटे. विशीत सगळंच तसं वाटतं, पण म्हणून ते खोटं नसतं.

आमचे हेडमास्तर पुण्याचे. उंच, किडकिडीत, बोलणं सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखं. आमची वऱ्हाडी त्यांच्या कानाला फार लागे. कोणी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की ते डोळे मिटून घेत. पण माणूस लाखमोलाचा. बाबांची अट त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मला पुढ्यात घेऊन शिकवायला बसले. एक कवडी घेतली नाही. चुकलो की चिडत आणि बरोबर आलं की आणखी चिडत, कारण मग पुढचं उदाहरण त्यांना शोधावं लागे.

त्यांचा एक हट्ट होता. वर्गमुळं दोन. नवाचं मूळ तीन, तसंच उणे तीनसुद्धा. कारण उणे तीनाला उणे तीनानं गुणलं तरी नऊच येतात. आपले जुने गणिती हेच सांगून गेलेत, असं ते म्हणत, आणि जो एकच मूळ सांगतो तो अर्धा गणिती. हा अर्धा गणिती कोण, ते मला पुढं कळलं. अकोल्याला परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर! दोघं पुण्यात एकाच शाळेत शिकलेले, आणि भांडण तेव्हापासूनचं. इन्स्पेक्टरांचं म्हणणं, एकदा √ ही खूण काढली की मूळ एकच घ्यायचं, धन असेल तेच. हेडमास्तरांचं म्हणणं, छे, दोन. एवढंच. खरंच सांगतो, एवढंच. एक वऱ्हाडात हेडमास्तर झाला, दुसरा इन्स्पेक्टर झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जळेना.

परीक्षेच्या वेळी हेडमास्तरांनाही बोलावणं होतं. उमेदवार त्यांच्या शाळेचा, म्हणून त्यांनी हजर राहायचं. आगगाडी अजून आमच्या भागात आलेली नव्हती. खामगावकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांपैकी एकीवर आम्ही जागा मिळवली. हेडमास्तर गठ्ठ्यांच्या वर चढून बसले की बाभळीच्या फांद्या त्यांचं पागोटं ओढत, आणि ते दर वेळी झाडावर रागावत. मुक्काम पडला की ते सोवळं नेसून स्वतःची खिचडी शिजवत. मी जरा लांब माझी भाकर सोडून बसे. खिचडी ढवळता ढवळता ते मला विचारत, वर्गमुळं किती? मी म्हणे, दोन. सकाळी उठल्यावर पुन्हा तेच. गाडीवाल्याला हे इतकं पाठ झालं, की मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा तो बैल हाकतानाही ‘दोन, दोन’ म्हणू लागला. हेडमास्तर खूष झाले. म्हणाले, तुझ्यापेक्षा हा लवकर शिकला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अकोल्यात पोचलो तो बाबा आधीच हजर. बोलल्याप्रमाणे गाडी घेऊन. गाडीत कापूस भरलेला होता, म्हणजे परीक्षेच्या निमित्तानं मालही विकायचा आणि मुलगाही घरी न्यायचा, असा दुहेरी बेत मला दिसला. हेडमास्तर त्यांच्या ओळखीच्या घरी उतरायला गेले आणि बाबांनी मला गाडीत घेतलं. पुढच्या अंगाला बैलांचा कडबा रचून ठेवला होता. मी त्यावर बसलो तर खालून काहीतरी कडक टोचलं. काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, सरकीचं पोतं आहे, गुमान बस. सरकी एवढी टोचत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची परीक्षा घोळत होती. मी जरा सरकून बसलो.

आता बाजारातला प्रकार सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कापसाचा भाव ठरे तो रुमालाखाली. विकणारा आणि घेणारा हातात हात घेत, वर रुमाल टाकत, आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगत, म्हणजे बाजूच्या माणसाला सुगावा लागत नसे. पण बोटांनी सांगायचे ते फक्त वरचे रुपये. खालचा मोठा आकडा, म्हणजे ऐंशीवर चार की नव्वदवर चार, तो कोणी दाबत नसे, कारण तो सगळ्या बाजाराला ठाऊकच असे. बापजाद्यांपासून हीच रीत. चार बोटं दाबली की त्याचा अर्थ एकच होई. तेजीनं या रितीची पार वाट लावली. मुंबईहून बातमी आली की तो मोठा आकडाच बदलायचा, सकाळी एक आणि दुपारी दुसरा. बोटं मात्र तीच.

बाबांनी एका दलालाच्या हातात हात दिला. रुमालाखाली काय व्हायचं ते झालं, दोघांनी समाधानानं माना हलवल्या, आणि दलालाची माणसं कापूस उतरवायला लागली. मग पैशाचं बोलायची वेळ आली तेव्हा दोघांचे आकडे वेगळे निघाले! बाबांनी चार बोटं आजच्या भावावर धरली होती आणि दलालानं कालच्या. बोटं चारच होती, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

मी मधे पडलो. माझा स्वभाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. दलालाला मी लबाड म्हटलं, त्याच्या रुमालाला चोरखिसा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तोही काही कमी नव्हता. माझ्या मास्तरकीचा त्यानं असा उद्धार केला की मी त्याची गळपट्टीच धरली. बाबा माझ्या कानाशी येऊन शांतपणे म्हणाले, मास्तर होनार अन् बाजारात कुस्ती खेळनार का? तेव्हा कुठं मी हात सोडले.

एवढ्यात बाजाराचा चौधरी आला. सकाळपासून असल्याच भांडणांनी त्याचं डोकं उठलं होतं. त्यानं विचारलं, बोटं किती दाबली? दोघं म्हणाले, चार. मोठा आकडा कोणता, ते आधी बोलले होते का? दोघं म्हणाले, नाही. मग तुमी दोघंबी खरे अन् सौदा खोटा, असं म्हणून त्यानं तो सौदा तिथंच मोडला. नंतर ओट्यावर चढून त्यानं सगळ्या बाजाराला बजावलं, की आजपासून हात रुमालात घालायच्या आधी मोठा आकडा तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलायचा, मगच बोटं दाबायची. बाबांनी आणि दलालानं तसा आकडा बोलून पुन्हा हात दिला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सौदा झाला. दलाल हसत मला पान द्यायला लागला. मी रागात होतो, घेतलं नाही. मग घेतलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. शाळा बाजाराला लागूनच एका भाड्याच्या घरात होती. समोर लिंबाचं झाड, आणि त्या लिंबाखाली बाबांनी गाडी आणून उभी केली. बैल जुंपलेलेच ठेवले. मी बसलो होतो तिथून खिडकीतून ते बैल नेमके दिसत होते, आणि मला वाटलं तेही माझ्याकडेच बघताहेत. इन्स्पेक्टर ठेंगणे, गोल आणि हसरे निघाले. हसरा परीक्षक मला कधीच आवडला नाही. हेडमास्तर कोपऱ्यात खुर्चीवर ताठ बसले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला तो असा, की त्यापेक्षा न केलेला बरा.

आधी सगळं सुरळीत गेलं. त्रैराशिक झालं, व्याज झालं, साधी समीकरणं झाली. इन्स्पेक्टर मान हलवत होते आणि हेडमास्तरांची खुर्ची अभिमानानं करकरत होती. मग इन्स्पेक्टर स्वतः उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: य = √क्ष. लिहून झाल्यावर त्यांनी एकदा हेडमास्तरांकडे पाहिलं, तेव्हाच मला कळलं की हा प्रश्न काही माझ्यासाठी नाही.

"एक राशी ठरली की दुसरी आपोआप ठरते, आणि एकच ठरते, तेव्हा दुसरीला पहिलीचं फल म्हणायचं," इन्स्पेक्टर म्हणाले. "आता सांगा. इथं य हे क्षचं फल आहे की नाही?"

हेडमास्तर खाकरले. मी फळ्याकडे बघत उभा. मुळं दोन धरली तर क्ष नऊ असताना य तीन, आणि उणे तीनही. एका क्षला दोन य, म्हणजे फल नाही. मूळ एक धरलं तर एका क्षला एकच य, म्हणजे फल आहे. आता ‘आहे’ म्हणावं, तर ज्या माणसानं फुकट शिकवलं, बाभळीचे ओरखडे खात माझ्यासाठी इथवर आला, त्याच्याच तोंडावर त्याला खोटं पाडायचं. ‘नाही’ म्हणावं, तर इन्स्पेक्टर नापास करणार आणि लिंबाखाली गाडी तयार. इकडे आड, तिकडे विहीर. मला दोघांचाही भयंकर राग आला. यांचं पोरपणाचं भांडण, आणि फास माझ्या गळ्यात!

वेळ काढायला म्हणून मी फळ्यावर आकडे मांडले. क्ष एक तर य एक, क्ष चार तर य दोन, क्ष नऊ तर य तीन. कोपऱ्यातून हेडमास्तर म्हणाले, आणि? इन्स्पेक्टर म्हणाले, मधे बोलू नये. हेडमास्तरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. ते पाहून माझं उरलंसुरलं अवसानही गेलं.

तेवढ्यात बाहेर गलका उठला. बाजार भरला होता, आणि चौधरीच्या नव्या हुकमाप्रमाणे जो तो रुमालात हात घालायच्या आधी मोठा आकडा बेंबीच्या देठापासून ओरडत होता. इन्स्पेक्टर वैतागले. खिडकी लावा म्हणाले. मी खिडकी लावायला गेलो आणि हात कडीवरच राहिला. बोटं चार अन् भाव दोन. आकडा आधी बोलला की भाव एक. अरे, कालचं भांडण आणि हे भांडण एकच की! मी खिडकी तशीच उघडी टाकून फळ्याकडे परत आलो.

इन्स्पेक्टरांच्या ओळीच्या वर मी दुसरी ओळ लिहिली: य² = क्ष. मग दोघांनाही कालचा सौदा सांगितला, बोटं किती दाबली आणि कसा मोडला त्यासकट. गळपट्टीचं तेवढं गाळलं.

"या वरच्या ओळीत नुसती बोटं दाबली आहेत," मी म्हणालो. "यचा वर्ग नऊ आहे, एवढंच कळलं. य तीन की उणे तीन, ते कुणी बोललं नाही, म्हणून दोन्ही खरे. इथं य हे क्षचं फल नाही. खालच्या ओळीत मात्र √ ही खूण आहे. ही खूण म्हणजे आधी मोठ्यानं बोलून घेणं, की आम्ही धन मूळच घेणार. एकदा बोलून घेतलं की उत्तर एक. म्हणून इथं आहे."

इन्स्पेक्टरांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, क्ष उणे चार असला तर काय करशील? मी म्हटलं, तो माल या बाजारात उतरवूनच घेत नाही. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन, मग उणे चाराला मूळ आणायचं कुठून? क्ष शून्य असेल किंवा धन असेल, तरच सौदा. त्यांनी लगेच √च्या मागं उणे चिन्ह लावलं. मी म्हटलं, हेही फल. इथं ऋण मूळ घ्यायचं असं बोलून घेतलंय, पण उत्तर एकच आहे. मग त्यांनी अधिक आणि उणे दोन्ही चिन्हं एकावर एक लावली. मी म्हटलं, हे फल नाही, यात दोन्ही आकडे बोललेत, आता पुन्हा गळपट्टी धरावी लागेल. तोंडून निघून गेलं. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. हेडमास्तर उठून उभे राहिले आणि इन्स्पेक्टरांना म्हणाले, नवाला मुळं दोन आहेत हे यानं तुमच्यासमोर सिद्ध केलं. इन्स्पेक्टर म्हणाले, आणि खूण एकाच मुळाची आहे हे तुमच्यासमोर सिद्ध केलं. मग कोण जिंकलं यावर दोघांची जुंपली. पुण्याच्या शाळेतला कुठला तरी मास्तर निघाला, त्यानं कुणाचा कान धरला होता ते निघालं. बोलता बोलता दोघांचे आवाज चढले, मग उतरले, मग इन्स्पेक्टरांनी पानाचं तबक हेडमास्तरांपुढं सरकवलं आणि हेडमास्तरांनी त्यातली सुपारी घेतली. मी हातात खडू घेऊन तसाच उभा. माझी कुणाला आठवण नाही. शेवटी माझ्यानं राहवेना.

"मी पास आहे की नापास," मी म्हटलं, "तेवढं आधी बोलून घ्या ना!"

इन्स्पेक्टर इतके हसले की त्यांचं पागोटं घसरलं. सोमवारपासून या, म्हणाले. हेडमास्तर माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला. म्हणाले, पुढच्या वेळी गळपट्टी धरू नकोस. त्यांचे डोळे ओले होते, पण ते सुपारी लागली म्हणाले.

मी बाहेर धावलो. बाबा लिंबाखाली गाडीच्या जुवापाशी उभे होते. पास झालो, असं सांगितलं. त्यांनी पागोटं नीट केलं, गाडीच्या पुढच्या अंगाला गेले आणि कडबा बाजूला करायला लागले. खालून निघाला पाटा आणि वरवंटा. मग तवा, तांब्याची घागर, ज्वारीचं पोतं, तुरीच्या डाळीचं गाठोडं, आणि मायच्या हातची नवीकोरी गोधडी. सगळा संसार. काल मला टोचत होता तो पाटा होता.

मी मूर्खासारखा बघत राहिलो. दसऱ्याला मायनं तोंड का उघडलं नव्हतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिनं आणि बाबांनी आधीच बोलून घेतलं होतं.

"अन् मी नापास झालो असतो तं?" मी विचारलं.

"तं भांडे वापस नेले असते," बाबा म्हणाले. "तुले नाही. तुले अमरावतीले मास्तरांकडे धाडलं असतं, पुढच्या परीक्षेसाठी."

"मंग दसऱ्याले तसं काहून बोलले?"

"धाक नसता तं तू डोकं घातलं असतं का पुस्तकात?" बाबांनी घागर खाली ठेवली आणि ती पुसत बसले, पुसायसारखं काही नसताना. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मले तं तू घरीच पायजे होता. आताबी पायजे. पन मले काय पायजे अन् तुले काय पायजे, हे दोनी खरं धरून नाही चालत ना बाप्पा. एकच धरा लागते. आमी तुह्यं धरलं."

एरवी मला कुणाशीही भांडायला शब्द कमी पडत नाहीत. त्या वेळी मात्र मी भर बाजारात, पाट्याला धरून, हमसून हमसून रडलो. कालचा दलाल तिकडून येत होता. त्यानं मला पाहिलं आणि त्याला वाटलं, पोरगा नापास झाला. भला माणूस, धावत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, रडू नको भाऊ, माझ्या दुकानावर ये, तुले हिशेबबी येते अन् भांडताबी येते, आमाले असाच मानूस पायजे.

बाबा उठून उभे राहिले. आयुष्यात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, भांडणातही नाही. त्या दिवशी ते रुमालाबाहेर, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलले.

"मास्तर झाला माहा पोट्टा! अकोल्याच्या शाळेत!"

आजूबाजूचे सौदे थांबले आणि लोक वळून बघायला लागले. दलालानं मला दुसऱ्यांदा पान दिलं, आणि ते मी लगेच घेतलं. बाबांनी सगळं सामान शाळेच्या ओसरीवर नेऊन मांडलं, पाटा भिंतीला टेकवून ठेवला, गोधडीची घडी पुन्हा नीट केली. मग एकटेच गाडीवर चढले आणि रिकामी गाडी तेल्हाऱ्याच्या वाटेला लावली. वळणावर त्यांनी एकदा मागं पाहिलं. मी ओसरीवर उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो, आणि मग पाटा उचलून आत ठेवला.